देवरे नानांच्या शेंदरी खुणा

देवरे नानांनी हयातभर लोकांच्या जमिनी मोजल्या. बांध वीतभर सरकला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. पण हाच माणूस धुळ्याबाहेरच्या डोंगरावर चढला की त्याला उतरायची वाट काही सापडायची नाही. हे कसं, ते मला कळायचं नाही.

मोजणी कार्यालयात मी त्यांच्या हाताखाली. अमळनेरहून बदलून आलेला, नवा, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. रविवारी सकाळी अख्खं धुळं टीव्हीवरच्या देवांच्या मालिकेपुढे हात जोडून बसलेलं असायचं आणि मी लळिंगच्या पलीकडे नानांच्या मागून तापलेल्या काळ्या खडकांवर हातापायांनी चढत असायचो. झाड नाही, पाणी नाही. सावली हवी तर नानांच्या मागे उभं राहायचं.

फेरी ठरलेली. डोंगराच्या एका सोंडेनं चढायचं, धारेधारेनं पाच टेकड्या घ्यायच्या आणि दुसऱ्या सोंडेनं रस्त्याला लागायचं. आल्या वाटेनं उतरणं नानांना कमीपणाचं वाटे, कुणाला वाट विचारणं तर त्याहून. "नकाशा डोक्यात आहे," म्हणायचे. असेल बुवा. पण तो दुसऱ्याच तालुक्याचा असावा, कारण बाराच्या सुमारास आम्ही हमखास सकाळच्याच कड्यापाशी परत यायचो. चार वाजता मी घरी पोचलो की बायको ताट जोरात ठेवायची.

चैत्रात नाना रिटायर होणार होते. त्यांनी मला सरळ सांगितलं, "त्यानंतर तुम्ही कुणी येणार नाही. तोवर ही फेरी एकट्याला जमली पाहिजे." वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला. मी येईन की म्हणालो, पण ते माझं मलाच पटलं नाही.

मग खुणा करायचं ठरलं. चुना लावला तर पक्ष्यांच्या शिटेत ओळखू येत नाही, म्हणून नानांनी शेंदूर आणला, तेलात कालवला आणि वळणावळणावर एकेक दगड उभा करून त्याला फासला. सात वळणं, सात दगड. साहेबांची अक्कल, मी काय बोलणार?

महिन्याभरानं गेलो तर पहिल्या दगडापुढे नारळ फुटलेला. दुसरा जागेवर नाही. तिसरा होता, पण भलतीकडेच. त्याच्या भरवशावर गेलो तर पुढे सरळ दरी. परत पहिल्याकडे आलो तर तोही गायब. मी अक्षरशः डोकं धरून बसलो. नाना मात्र मजेत.

दुपार कलल्यावर खालच्या उतारावर, तिथल्या एकुलत्या एका बाभळीखाली सातही दगड ओळीनं बसलेले सापडले, हळदकुंकू लावलेले. शेजारी मेंढ्या राखणारा म्हातारा. देवांना ऊन लागतं म्हणून त्यानं ते एकेक करून सावलीत आणले होते. मधे दमला की हातातला देव तिथंच टेकवून ठेवायचा.

"चपला काढा, आठे देव शेतस," तो म्हणाला. म्हणजे इथं देव आहेत.

आम्ही चपला काढल्या. मी नानांना हळूच म्हटलं, दगड आपले आहेत, सांगा त्याला, रिटायर व्हायला पंधराच दिवस उरलेत. नानांनी वाकून नमस्कार केला. मला काही समजेना. मी म्हटलं, मग पुढच्या रविवारी नव्यानं खुणा करू, एकट्यानं कसे उतराल?

नाना खाली बसले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी फडक्यातून सोडली, अर्धी म्हाताऱ्याला दिली. ऑफिसात कधी न बोललेली घरची बोली त्यांच्या तोंडी आली.

"राहू दे रे भाऊ. वाट सापडनी म्हणजे घर लवकर जानं पडस. घरमा कोन शे?"

वाट सापडली की घरी लवकर जावं लागतं, आणि घरी कुणी नाही. इतके रविवार मी या माणसाला मनातल्या मनात वेंधळा म्हणत होतो.

रस्त्याला उतरणारी वाट शंभर पावलांवर आहे म्हणत म्हातारा ती दाखवायला उठला. मी त्याचा हात धरून त्याला परत खाली बसवलं.