सुरुवात इथूनच होते

कर्वेनगरच्या त्या सोसायटीच्या हिरवळीवर गुरुवारी सकाळी चार चाकं, एक सीट, एक स्टिअरिंग आणि एक इंजिन अशी गवत कापायची गाडी उभी होती. बॅटरी मल्टिमीटरवर साडेबारा व्होल्ट दाखवत होती. टाकीत पेट्रोल होतं. स्टार्टरवरची प्लास्टिकची टोपी तेवढी नव्हती. ती पहिल्यापासूनच नव्हती.

गाडी बाळकाकांनी खडकवासल्याकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून सोसायटीसाठी आणली होती. उभा जन्म नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत काढल्यामुळे त्यांना ही हिरवळ मैदानाएवढी वाटली होती. आता गाडी चालूच होत नव्हती, आणि रविवारच्या सभेत सेक्रेटरी बापूराव ती भंगारात काढायचा ठराव मांडणार होते.

"रविवारी ती चालणार," काका म्हणाले.

"चालेल की," हेमाकाकू तळमजल्याच्या बाल्कनीतून म्हणाल्या. "भंगारवाल्याच्या टेम्पोत बसून."

काकांनी किल्ली फिरवली. मोटर घुरघुरली, इंजिन ढिम्म. त्यांची पुतणी स्पृहा यंदाच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. तिने बॉनेट उघडलं.

"मोटर फिरतेय, पण तिच्यावरचं हे छोटं दातेरी चाक वर सरकत नाहीये. ग्रीस वाळून घट्ट झालंय."

तिने चाक काढलं, पेट्रोल आणि टूथब्रशने घासलं, कोरडं केलं आणि दांड्यावर शिसपेन्सिलीची पूड चोळली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"हा ब्रश कुणाचा?" काकांनी विचारलं.

"जुना होता ना?"

"सकाळपर्यंत नव्हता."

काकू चहा घेऊन खाली आल्या होत्या. स्पृहाने त्यांनाही समजावलं. चाक वर जातं, इंजिनाच्या मोठ्या चाकात दात अडकवून त्याला फिरवतं आणि इंजिन सुरू झालं की खाली येतं.

"म्हणजे सगळी सुरुवात या एवढ्याशा चाकापासून?"

"इथूनच. हे अडलं की सगळं अडलं."

"हं," काकू म्हणाल्या, आणि चहा निवेपर्यंत चाकाकडे बघत राहिल्या.

शुक्रवारी चाक वर गेलं, पण खाली यायला तयार होईना. इंजिन सुरू झालं तसा असा करकराट उठला की बापूराव बनियनवरच खाली आले.

"बाळासाहेब, दळण टाकलंय का? आमचेही पाच किलो गहू आहेत."

काकांनी इंजिन बंद केलं. स्पृहाने पुन्हा चाक काढलं. दातांत तांबूस चिकट थर होता. गंज असेल, असं म्हणून तिने तो घासून काढला. गाडी चालली. शनिवारी चाक पुन्हा अडकलं.

कोरड्या, स्वच्छ चाकावर एका रात्रीत गंज? स्पृहाला ते पटेना. तिने थराचा पिवळसर भाग कागदावर घेतला आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला. पिवळं होतं ते लाल झालं.

"काका, ही हळद आहे. थरातलं बाकीचं तांबूस म्हणजे कुंकू. आणि दातांत हा तांदूळ."

काकांचा चेहरा कठोर झाला. "करणी. बापूरावांनी केलीय."

"करणी करणारा माणूस अख्खे तांदूळ निवडून घेईल का? या अक्षता आहेत."

"उद्या कळेल," काका म्हणाले.

रविवारी पहाटे दोघं पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसले. काकांच्या हातात क्रिकेटची बॅट होती. उजाडता उजाडता पावलं वाजली, बॉनेट उघडलं, आणि तबक हातात घेतलेल्या हेमाकाकू दिसल्या.

"हेमा, तू?"

"मग? तुम्ही नुसती किल्ली फिरवत बसणार. कुणीतरी काही करायला नको?" काकूंनी चाकावर समईतलं तेल सोडलं.

"तू तर भंगार म्हणत होतीस."

"म्हणणारच. चांगली म्हटलं असतं तर तुम्ही दुसरी आणली असतीत."

काकांनी बॅट पाठीमागे धरली. स्पृहा मधे पडली. "काकू, पूजा जरूर करा. फक्त या चाकावर नको. तेलाने सगळं चिकटतं. दुसरीकडे कुठेही चालेल."

"कुठेही?"

"कुठेही."

स्पृहाने तिसऱ्यांदा चाक साफ केलं.

संध्याकाळी सभा हिरवळीवरच भरली. काका इस्त्रीची पांढरी पॅन्ट घालून आले आणि बापूरावांवरची नजर न काढता गाडीवर बसले. किल्ली फिरली. चाक वर गेलं, इंजिन धडधडलं, चाक खाली आलं. कुंपणाला एकदाही न लागता काकांनी सगळं गवत कापलं. बापूरावांनी ठरावाच्या कागदाची घडी करून खिशात घातली.

"बाळासाहेब, एक चक्कर मला मिळेल का?"

"बघू," म्हणत काका रुबाबात उतरले आणि सभेकडे पाठ करून घराकडे निघाले. टाळ्या मधेच थांबल्या.

पॅन्ट भिजत टाकण्याआधी स्पृहाने पट्टी लावून पाहिली. मागे, बसायच्या जागी, डाग दोन होते. पिवळ्याचा व्यास चार सेंटिमीटर, लाल डागाचा साडेतीन.