ढब्बूला कुठल्या डब्याने न्यावे

रेल्वेगाडीचे वर्ग रेल्वेने पाडलेले असले, तरी त्यांतला योग्य वर्ग कोणता हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाच्या नातेवाइकांकडे असतो. प्रवाशाकडे फक्त बॅगा असतात. सोबत तान्हं मूल असेल तर हा अधिकार शेजाऱ्यांनाही मिळतो, आणि मूल वर्षाच्या आतलं असेल तर लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी गृहस्थांनाही. व्यवस्था उत्तम आहे. तिच्यामुळे आजवर एकाही आईला एकटीने चूक करावी लागलेली नाही.

ढब्बूच्या आईचं प्रकरण या दृष्टीने नमुनेदार म्हणावं लागेल. ढब्बू अकरा महिन्यांचा. (कागदोपत्री त्याचं नाव वेगळं आणि बरंच लांब आहे, पण त्या नावाला तो अजून ओ देत नाही.) त्याच्या आईने कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं आणि त्यात तिला फर्स्ट क्लासही मिळाला होता. त्या फर्स्ट क्लाससाठी घरात कोणाची संमती लागली नव्हती. तो काळच वेगळा.

झालं असं, की सोमवारी तिच्या माहेराहून आईचा फोन आला. पित्ताशयात खडे, शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. "तू येऊ नकोस हं, एवढंसं पोर घेऊन कुठे दगदग करतेस," असं आई पुन्हा पुन्हा म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "भीती वाटते गं. ब्लडप्रेशर सारखं चढतंय. उतरलं नाही तर ऑपरेशन पुढे ढकलू म्हणाले. मग परत वाट बघत बसायचं." उभ्या जन्मात भीती वाटते असं न म्हटलेली बाई ती. ढब्बूची आई म्हणाली, "मी येते." हा निर्णय तिने एका क्षणात घेतला. तिने स्वतः घ्यायचे निर्णय तिथे संपले.

नवऱ्याला ऑफिसातून सुट्टी नव्हती. "कुठलं तिकीट काढू?" तिने विचारलं.

"तुला योग्य वाटेल ते काढ," तो म्हणाला.

(विवाहित स्त्रियांनी हे वाक्य सावकाश वाचावं. त्यात परवानगी असल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात, पुढे काही बिघडल्यास जबाबदार कोण, एवढीच नोंद त्यात असते.)

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती बैठक भरली. सासूबाई, सासरे आणि नवरा जातीने हजर होते. नणंद फोनच्या स्पीकरवर होती. ढब्बूला निमंत्रण नव्हतं. तो टेबलाखाली एक चप्पल चाखून बघत होता, ती काढून घेण्यात आली.

फर्स्ट एसीची सूचना नवऱ्याने मांडली.

"दादा, बंद खोली असते ती," नणंद म्हणाली. "याने एकदा भोकाड पसरलं की बाकीच्यांनी जायचं कुठे? चालत्या गाडीतून उड्या मारतील बिचारे."

"आणि पोराला आत्तापासून असली मिजास लावू नका," सासूबाई म्हणाल्या.

सेकंड एसी पडद्यावर अडलं. "पडद्यापलीकडे कोण झोपलंय ते कळत नाही," सासूबाईंनी हरकत घेतली.

"कळून करायचंय काय?" सासरे म्हणाले.

"म्हणजे? माणसाला कळायला नको?"

थर्ड एसीला सासऱ्यांचा विरोध होता. ते निवृत्त ओव्हरसियर. त्यांच्या मते मधला बर्थ हा माणसाची पाठ न मोजता बांधलेला आहे. शिवाय एसी म्हटला की गारठा. उरला स्लीपर. त्याला सासूबाईंचा पाठिंबा होता. "आम्ही याला पत्र्याच्या ट्रंकेवर बसवून फिरवलाय. खिडक्या उघड्या, सगळी हवा अंगावर. काय झालं त्याला?"

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पुराव्याला शोभेलसा गप्प बसून होता.

"धुळीची ॲलर्जी झाली, आई," स्पीकर म्हणाला.

पुरावा शिंकला.

ढब्बूची आई तोवर मनातल्या मनात तक्ता मांडत होती. गारठ्याने सर्दी झाली तर आई बेफिकीर. धुळीने खोकला झाला तर आई चिक्कू. महागाच्या डब्याने नेलं तर आई मिजासखोर, आणि न्यायचंच टाळलं तर माहेरची माया आटलेली. संख्याशास्त्राच्या कसोटीवर निष्कर्ष स्वच्छ निघत होता : रेल्वे जागा विकत नाही, आरोप विकते. आईने फक्त आपल्याला रात्रभर झेपेल असा एखादा आरोप निवडून त्यावर चादर अंथरायची.

लहान मुलांच्या डॉक्टरांनाही विचारून झालं. "कशानेही न्या," ते म्हणाले. "पाणी उकळलेलं असू द्या. मुलं प्रवास करतात हो." हा सल्ला फेटाळण्यात आला, कारण त्यात कशालाच मनाई नव्हती. ज्यात मनाई नाही त्याला या घरात सल्ला म्हणत नाहीत.

तेव्हा मंगळवारी प्रात्यक्षिक घ्यायचं ठरलं. सासऱ्यांनी टेप घेऊन जेवणाचं टेबल मोजलं आणि ते मधला बर्थ म्हणून चालेल असा निर्वाळा दिला. त्याखाली गादी घातली. एसी इतका गार केला की खिडकीच्या काचांना घाम फुटला. ढब्बूची आई ढब्बूला घेऊन टेबलाखाली शिरली. सासूबाई ताटावर चमचा वाजवत, "चाय, चाय" असं ओरडत दोन फेऱ्या मारून गेल्या. सहप्रवाशाच्या घोरण्याची जबाबदारी सासऱ्यांनी घेतली आणि सोफ्यावर ती इतक्या मनापासून पार पाडली, की पुढे त्यांना हलवून उठवावं लागलं. नंतर एसी बंद करून, खिडक्या उघडून, टेबलफॅन तोंडावर सोडून स्लीपरचं प्रात्यक्षिक झालं.

निष्कर्ष पुढीलप्रमाणे. एसीत ढब्बू एकदा शिंकला. स्लीपरमध्ये एकदा शिंकला. काहीच चालू नसतानाही एकदा शिंकला. मधल्या बर्थखाली बसून बाळाला पाजणं शक्य आहे, मात्र आईला मान काढून बाजूला ठेवता आली पाहिजे. खुद्द ढब्बूला टेबलाखालचा मुक्काम एवढा आवडला की गाडी थांबल्याचं सांगूनही तो उतरेना.

बुधवारी दुपारी एकदाचं एकमत झालं : थर्ड एसी, खालचा बर्थ, दोन ब्लँकेटं, कानाला कापूस. नवऱ्याने फोन उघडला. थर्ड एसीची वेटिंग लिस्ट मारुतीच्या शेपटासारखी वाढलेली. सेकंड एसी तसंच. स्लीपरमध्ये वेटिंगचंही तिकीट मिळेना. रेल्वेने या घराच्या ठरावाची वाट पाहिली नव्हती.

"तरी मी म्हणतच होतो," सगळे एकदम म्हणाले. (तसं कोणीच म्हणालं नव्हतं.)

"मग काय, नाही जमत," सासूबाई म्हणाल्या. "आईंना कळव तसं. समजून घेतील त्या."

आई समजून घेईल, हे ढब्बूच्या आईला ठाऊक होतं. आईने आजवर दुसरं केलंय काय? सकाळीच माहेराहून निरोप आला होता, आजही ब्लडप्रेशर एकशेसत्तर. तिने पायात चपला सरकवल्या, दुधाची पिशवी आणायला निघाल्यासारखी बाहेर पडली आणि स्टेशनच्या खिडकीवर जाऊन उभी राहिली.

"कुठला क्लास?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"उद्या सकाळच्या गाडीला जो असेल तो."

"जनरल आहे."

"द्या."

घरी येऊन तिने सांगितलं, "उद्या सकाळी जनरलने जातेय. दिवसाचा प्रवास आहे, संध्याकाळपर्यंत पोचते."

आणि या घराच्या इतिहासात प्रथमच शांतता पसरली. कारण उघड होतं. बाकी प्रत्येक वर्गाला आरोप तयार होता. जनरलचा विचारच कोणी केला नसल्यामुळे त्याला लावायला आरोप हाताशी नव्हता. स्पीकरमधून नुसती खरखर आली. त्या शांततेत तिने बॅग भरून घेतली. रात्री सासूबाईंनी उकळलेलं पाणी थर्मासमध्ये भरलं, आणि सकाळी सासऱ्यांनी फलाटावर गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली.

जनरलमध्ये सल्लागारांची टंचाई भासेल अशी तिला शंका होती. ती निराधार ठरली. पहिल्या तासात एकूण एकवीस सूचना आल्या : टोपडं घाला (नऊ), टोपडं काढा (नऊ), याचा बाप कुठे आहे (तीन). तिच्याशेजारी एक भांडी विकणारी बाई पातेल्यांच्या चळतीला टेकून बसली होती. "दे गं इकडे त्याला," ती म्हणाली. "आधी दोन घास खाऊन घे. मग बघत बस त्याच्याकडे डोळे फाडून." ढब्बू तिच्या मांडीवरून एका गवंड्याच्या मांडीवर गेला, तिथून एका कॉलेजकुमाराच्या, आणि शेवटी पुन्हा भांडीवालीकडे येऊन पातेल्यात हात घालून झोपला. आईने दिवसभर त्याच्यावरची नजर काढली नाही. तो एकदाही शिंकला नाही. (एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नयेत, असं संख्याशास्त्र सांगतं.)

संध्याकाळी ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा आई खाटेवर होती. ढगळ गाउनमध्ये एवढीशी दिसत होती. नर्सने नुकताच दंडाचा पट्टा सोडला होता आणि "अजून चढलेलंच" म्हणत मान हलवली होती.

"आलीस?" आई पुटपुटली. "कशाने आलीस?"

"जनरलने."

"जनरलने!" आई उठून बसली. "अगं, अक्कल कुठे ठेवून आलीस? तान्हं पोर! स्लीपर नव्हतं? तो पडद्यांचा डबा असतो तो नव्हता? जावईबापू काय करत होते? आणि याला टोपडं कुठंय? इकडे आण त्याला. बघ, बघ कसा काळवंडलाय. मला एक फोन केला असतास तर मी तुझ्या मामाला सांगून..."

मुलगी पायथ्याशी बसून राहिली. मधून मधून "चुकलंच" म्हणत होती. ढब्बूला कुशीत घेऊन आई बोलत राहिली. थर्ड एसीचे फायदे तिने सविस्तर सांगितले (ती त्यातून कधी गेलेली नाही). तासाभराने नर्स पुन्हा पट्टा घेऊन आली. तिने आकडा पाहिला, पट्टा सोडला, पुन्हा बांधून पाहिला.

"एकशेतीस," ती म्हणाली. "यांना गोळी कोणी दिली?"

ऑपरेशन सकाळी ठरल्या वेळी झालं.

आता तुमच्याविषयी. टेबलाभोवतीच्या त्या बैठकीपासून तुम्हीही मनात तिच्यासाठी एक डबा ठरवून बसला आहात. तिकीट आधीच काढायला हवं होतं, असंही तुमचं म्हणणं आहे. काहींच्या मते तर मुळात पोराला घरी सासूबाईंपाशी ठेवूनच निघायचं. सूचना मोलाच्या आहेत, आणि एव्हाना तुमचंही ब्लडप्रेशर बरंच उतरलं असेल. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं, ही बाब वेगळी.