हापशाचा झगा

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळही आला. चाकूरजवळच्या एका वाडीत सरकारने बोअर मारलं, नशिबाने पाणी लागलं आणि हापसा उभा राहिला. वाडीतल्या नागुबाईला वाटलं, दोन कोसांवरच्या विहिरीची पायपीट आता संपली. बिचारीला सरकारी कामाचा अनुभव नव्हता.

उद्घाटनाआधी हापसा वापरणे नियमबाह्य होते. मंत्री येईपर्यंत तो झाकून ठेवण्याचं काम तालुक्याचे अधिकारी अनंतराव यांच्याकडे आलं. त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई विणकामात तरबेज. फक्त रुखवतात मांडलेल्या नमुन्यांपुढे त्या तीस वर्षांत एक टाकाही सरकल्या नव्हत्या. घरात रेडिओला क्रोशाचा झगा, टेलिफोनला टोपडं आणि भर उन्हाळ्यात पाण्याच्या तांब्याला स्वेटर. फोन वाजला की टोपड्याच्या नाड्या सोडेपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून जाई. बाईंनी हापशासाठी पोपटी लोकरीचा, गुलाबी झालरीचा पायघोळ झगा विणला. दांड्याला वेगळी बाही होती.

मंत्र्यांचा दौरा लांबला, मग पुन्हा लांबला. झगा सरकारी मालमत्ता ठरल्यामुळे राखणीला रेवणसिद्ध शिपाई बसवला. त्याला प्यायला पाणी नागुबाईच लांबच्या विहिरीवरून आणून देई.

शेवटी ती तालुक्याला जाऊन अनंतरावांपुढे उभी राहिली.

"साहेब, लेकरं पान्यावाचून तडफडायलीत. झगा जरासा वर करू द्या, एकच घागर हापसून घेते."

"बाई, लोकर भिजली की आकसते," अनंतराव खऱ्या कळवळ्याने म्हणाले. "गुडघ्यापर्यंत आलेल्या झग्याचं उद्घाटन करायचं का मंत्र्यांनी?"

अखेर मंत्री आले. झगा उतरला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मंत्र्यांनी झालर चाचपून पाहिली आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक हापशाला असाच झगा देण्याची योजना जागेवरच जाहीर केली. नव्या बोअरसाठी ठेवलेला निधी लोकरीकडे वळला. बाकीच्यांना नमुना पाहता यावा म्हणून झगा लगेच परत चढवण्यात आला आणि रेवणसिद्ध पुन्हा राखणीला बसला.

पेपरात फोटो छापून आला तेव्हा वाचकांनी टाक्यांचा हिशेब मागवला. एका जाणकाराने मात्र निषेध नोंदवला, की झालर मोरपंखी हवी होती.

तुम्हीही पोटभर हसलात. पण एवढ्या समारंभात हापसा कुणी हापसलाच नाही, हे तुमच्या तरी कुठे ध्यानात आलं? नागुबाई रिकामी घागर घेऊन तिथेच उभी आहे.