‘चौदाव्या दुरुस्ती’चा वरचा मजला

समता ही वस्तू जितक्या दूरच्या देशात असेल, तितके तिच्याविषयी निर्मळ मनाने बोलता येते. हे सत्य नाशिकच्या गंगापूर रोडवर फार पूर्वीच ओळखले गेले आणि म्हणूनच तेथे अमेरिकन राज्यघटना अभ्यास मंडळ स्थापन झाले. मंडळाचे सतरा सदस्य आहेत. पैकी पंधरांची मुले अमेरिकेत आहेत. उरलेल्या दोघांची पुण्यात आहेत, सबब त्यांना सहयोगी सदस्यत्व देण्यात आले आहे (मताधिकार नाही, अल्पोपाहार आहे).

मंडळाचे संस्थापक अध्यक्ष सावळीराम सर हे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. १८६८ साली अमेरिकेच्या घटनेत चौदावी दुरुस्ती झाली आणि कोणत्याही राज्याने कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, असे ठरले. त्या एका वाक्याच्या सावलीत सरांनी हयात काढली. बंगल्याचे नावही त्यांनी ‘चौदावी दुरुस्ती’ असेच ठेवले. त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा कोणीतरी बंद पडलेली स्कूटर ढकलत फाटकाशी येतो. सर त्यालाही समान संरक्षणाचा सिद्धांत मुळापासून समजावून सांगतात. स्कूटर सहसा तेवढ्यात आपोआप सुरू होते.

सरांचे मन अतिशय मऊ आहे. १९५५ साली एका कृष्णवर्णीय स्त्रीने बसमधली आपली जागा सोडायला नकार दिला, हा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज संध्याकाळच्या गोदावरीसारखा खोल आणि किंचित गढूळ होतो. (मंडळाच्या पाहणीनुसार या ठिकाणी एक्क्याऐंशी टक्के श्रोते रडतात, बारा टक्के चष्मा पुसतात आणि सात टक्क्यांना नेमका फोन येतो.) घरकाम करणाऱ्या भिमाबाईंनाही सरांनी हा प्रसंग दोनदा ऐकवला आहे. दोन्ही वेळा त्यांनी विचारले, “मग बसली का ती शेवटपर्यंत?” आणि सर भारावून गेले.

भिमाबाईंचा चहाचा कप वेगळा आहे. याबाबत गैरसमज नको. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली रेल्वेच्या डब्यांविषयी ‘वेगळे पण समान’ असा सिद्धांत मांडला होता. सरांनी दोन्ही कप औषधाच्या मापाने मोजले असून दोहोंत सारखाच चहा मावतो. तो सिद्धांत १९५४ साली शाळांच्या खटल्यात मोडीत निघाला, हे सरांना अर्थातच ठाऊक आहे. परंतु नाशिकमधून त्याविरुद्ध अद्याप कोणी अपील केलेले नाही.

अशा या बंगल्याचा वरचा मजला गेल्या वर्षी रिकामा झाला. एक खोली, मोरी, गच्चीचा तुकडा आणि बाहेरून वेगळा जिना. दिवसभर उन्हाचा एक चौकोन तेथे भाडे न देता फिरत असे.

भाडेकरूंच्या बाबतीत सरांचे धोरण उदार होते. त्यांनी आजवर कोणालाही आडनाव विचारले नव्हते. तशी वेळच आली नव्हती. लोक ते आपणहून सांगत आणि सर पुढचे ठरवत. उलट मंडळाच्या वार्षिक सभेत त्यांनीच ठराव मांडला होता की, ‘कोणाही व्यक्तीस तिचे आडनाव विचारणे हे चौदाव्या दुरुस्तीच्या आत्म्याशी विसंगत आहे’. ठराव एकमताने संमत झाला (उपस्थितांच्या सह्या, आडनावांसह, इतिवृत्तात आहेत).

आणि मग एका सोमवारी शुभांगी आली.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती नुकतीच लागली होती. पहिली पाळी सकाळी सातची. रोज मनमाडहून पहाटेच्या गाडीने यायचे, आणि गाडी रखडली की उशीर. चाचणीच्या काळात तीन उशीर झाले की नोकरी संपते, असा कंपनीचा नियम. दोन झाले होते. तिला खोली हवी होती आणि ती आठवड्याच्या आत हवी होती.

“नाव काय बेटा तुझं?” सरांनी विचारले.

“शुभांगी कोंडाजी.”

“छान. आणि पुढे?”

शब्द तोंडातून निसटताच सरांना ठराव आठवला. घटनात्मक पेचप्रसंग दाराशी उभा होता. पण चाळीस वर्षे शिकवलेला माणूस वाक्य कुठेही वळवू शकतो.

“म्हणजे... पुढे काय करायचा विचार आहे?”

“पुढे, सर, खोली मिळाली की सामान आणीन.”

येथून त्या छाननीस प्रारंभ झाला, जिला गंगापूर रोडच्या संविधानिक इतिहासात तोड नाही. अमेरिकन न्यायालये भेदभाव करणाऱ्या कायद्याची तीन पायऱ्यांनी छाननी करतात: साधी, मध्यम आणि कठोर. सरांनी त्यात एक लहानसा स्थानिक बदल केला. कायद्याऐवजी त्यांनी मुलीची छाननी केली.

साध्या छाननीत गाव येते. “मनमाड,” असे तिने सांगितले आणि सर खचले. ती सायखेड्याची असती, तर नदीकाठच्या कोणत्या आळीत घर, एवढ्यावर काम झाले असते. आदिवासी सुरगाण्याची असती, तर आणखी काही विचारण्याची गरजच नव्हती. सरांनी तेथील जंगलाचे मनापासून कौतुक केले असते आणि खोली कालच गेल्याचे सांगितले असते. पण मनमाड हे जंक्शन. तेथे कोण कोठून येऊन उतरले आणि गाडी चुकली म्हणून कायमचे राहिले, याचा हिशेब खुद्द रेल्वेकडे नाही.

मध्यम छाननीत आहार, दैवत आणि विवाह.

“घरी मसाला कोणता वापरता?”

“पाकिटातला.”

“आणि कुलदैवत?”

“आई परीक्षेच्या आधी सगळ्यांनाच हात जोडते. रिझल्ट लागला की मग बघू म्हणते कुणाचं नाव घ्यायचं.”

“बरं, लग्नं कशी लागतात तुमच्याकडे?”

“उशिरा, सर. बँडवाले वेळेवर येतच नाहीत.”

मग कठोर छाननी: उच्चार. “थोडं पाणी मिळेल का?” यातला ‘ण’ तिने इतका स्वच्छ उच्चारला की सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लगेच ती म्हणाली, “लय उकडतंय आज.” पहिल्या वाक्याने तिला एका ठिकाणी नेऊन बसवले होते, दुसऱ्याने हात धरून उठवले. (पाणी कोणत्या पेल्यातून द्यावे, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णित राहिला. शेवटी बाटली देण्यात आली. बाटली परत आणू नये, असे तिच्यावर बंधन नव्हते, पण सरांनी तसे सुचवले.)

“उद्या कळवतो,” सर म्हणाले.

ती जाताच स्वयंपाकघरातून उज्वलाताई, म्हणजे सरांच्या पत्नी, बाहेर आल्या. “अहो, सरळ विचारायचं ना. नाहीतर देऊन टाका खोली. वर सध्या कबुतरं राहताहेत, त्यांचं कुठं तुम्हाला ठाऊक आहे?”

“विचारणं घटनाबाह्य आहे, उज्वला.”

“आणि मसाला विचारणं?”

“तो अप्रत्यक्ष परिणाम झाला. त्यावर वेगळे निकाल आहेत.”

मंगळवारी मंडळाचे सचिव शेखर आले. ते वकील असून त्यांनी एकदा खरोखर एक खटला जिंकला आहे. “सर, आधार कार्ड मागा,” ते म्हणाले. “भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावीच लागते. म्हणजे तुम्ही विचारत नाही, शासन विचारतं. तुम्ही नुसते वाचता.”

सरांनी त्यांना मिठी मारली. भेदभावाचा हेतू नसताना भेदभावाची माहिती मिळणे, याहून शुद्ध समता कोणती?

कार्डाचा फोटो दहा मिनिटांत फोनवर आला. नाव: शुभांगी कोंडाजी. दोघांनी तो मोठा करून पाहिला. “मागच्या बाजूला?” शेखर आशेने म्हणाले. मागच्या बाजूला रेल्वे क्वार्टरचा पत्ता होता. कोण्या काळी कोण्या कोंडाजींनी आपले आडनाव उतरवून ठेवले होते आणि ते परत न्यायला विसरले होते, एवढेच त्यावरून सिद्ध होत होते.

सरांनी तिच्या वडिलांना फोन लावला. समानतेच्या लढ्यात पालकांना विश्वासात घ्यावेच लागते.

“कोंडाजी बोलताय ना? मी नाशिकहून, खोलीचा मालक. सहज फोन केला. आपण मूळचे कुठले?”

“क्वार्टरचे, सर.”

“त्याच्या आधी?”

“आधी पलीकडच्या लाइनीत होतो. ते क्वार्टर गळायचं, मग हे दिलं.”

“नाही, म्हणजे आपले वाडवडील...”

“हां हां, तसं होय! वडील पॉइंट्समन, सर. आजा गँगमन. त्याच्या मागचं काय सांगता येणार नाय.”

“का बरं?”

“त्याच्या मागं रेल्वेच नव्हती ना.”

सरांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या अमेरिकेच्या नकाशाकडे पाहिले. पन्नास राज्ये शांतपणे आपापल्या रंगांत बसली होती. खोली द्यावी, तर जे ठाऊक नाही ते डोक्यावर चालणार, पाणी ओतणार, फोडणी देणार. नाकारावी, तर कारण लागेल, आणि कारण ठाऊकच नव्हते. न कळलेल्या आडनावाविरुद्ध भेदभाव कसा करावा, याबाबत अमेरिकन कायदा मौन बाळगून आहे.

पण तो मौन बाळगूनही मदतीला धावतो, हेच त्याचे मोठेपण. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात सार्वजनिक पोहण्याचे तलाव गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी वेगळे होते. हे घटनाबाह्य आहे, असे न्यायालयाने सांगितले. शहराने मान डोलावली आणि तलावच बंद करून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की तलाव सर्वांनाच बंद असल्याने कोणाचेही समान संरक्षण नाकारले गेलेले नाही.

सरांनी पुस्तक मिटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, क्लोरीन नसलेले.

बुधवारी पाळी संपवून शुभांगी आली, तेव्हा निकाल तयार होता. सरांनी तो पडवीत उभ्याने वाचला. वरचा मजला यापुढे कोणालाही, धर्म, जात, वंश, लिंग वा जन्मस्थान यांचा कोणताही विचार न करता, भाड्याने दिला जाणार नाही. राष्ट्राध्यक्ष आले तरी नाही. निकाल एक विरुद्ध एक मतांनी संमत झाला असून अध्यक्षांचे मत निर्णायक धरले आहे. असहमती उज्वलाताईंची (“डोकं फिरलंय यांचं,” एवढीच, कारणमीमांसा स्वतंत्रपणे दिलेली नाही).

“अभिनंदन,” सर म्हणाले. “तुझ्यावर कणभरही अन्याय झालेला नाही.”

शुभांगीने बाटली परत केली. “सर, एक विचारू? मी आडनाव सांगितलं असतं तर?”

“तर प्रश्नच नव्हता.”

“म्हणजे खोली मिळाली असती?”

“म्हणजे,” सर अतिशय मायेने म्हणाले, “प्रश्न नसता.”

ती फाटकापर्यंत गेली असेल-नसेल, तोच उज्वलाताई चपला न घालताच तिच्यामागे धावल्या. “अगं, थांब! मला तरी सांग. मी काही घटनाबिटना वाचलेली नाही.” शुभांगी हसली. मग वाकून तिने त्यांच्या कानात काहीतरी सांगितले. पडवीतून सर मान उंचावून पाहत होते. दोन अक्षरे की तीन, एवढेही त्यांना कळले नाही.

उज्वलाताई आत आल्या. सर दाराशी उभे होते.

“काय म्हणाली?” त्यांच्या ओठांवर आले, आणि ठराव आडवा आला. “काय... गाडी कितीची म्हणाली?”

“गाडीचं नाही बोललो आम्ही,” उज्वलाताई म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या. इतकी प्रसन्न मेथी त्या घरात पूर्वी कधी निवडली गेली नव्हती.

पुढल्या मंगळवारी पहाटेची गाडी निफाडच्या अलीकडे उभी राहिली. का, ते नेहमीप्रमाणे कोणी सांगितले नाही. बाहेर द्राक्षांच्या मांडवांवर धुके होते आणि डब्यात शुभांगी घड्याळाकडे पाहत होती. तिसरा उशीर झाला. नोकरी गेली. कंपनीचा नियम सर्वांना समान आहे: ज्यांची गाडी उभी राहते त्यांना, आणि ज्यांचा बंगला कारखान्यामागेच आहे त्यांनाही.

शुभांगीकडून फोनवर कळलेली ही बातमी उज्वलाताईंनी जेवताना सांगितली. सर हळहळले. “मनमाडला रेल्वेचा प्रश्न फार गंभीर आहे,” असे म्हणून त्यांनी रविवारचे व्याख्यान जॅक्सनच्या तलावांवर बेतले. ते सर्वोत्कृष्ट ठरले. कोरड्या तलावाच्या तळाशी पडलेली पाने, निळ्या फरशीवर तापणारे ऊन आणि जाळीबाहेर टॉवेल घेऊन उभी असलेली मुले त्यांनी अशी उभी केली की चष्मा पुसणाऱ्यांचे प्रमाण एकोणतीस टक्क्यांवर गेले. ‘चौदावी दुरुस्ती’च्या वरच्या मजल्यावर त्या वेळी कबुतरांचे तिसरे कुटुंब राहायला आले होते.

हे वाचताना आपण सावळीराम सरांना हसलात, ते योग्यच झाले. परंतु मनमाड, क्वार्टर, पाकिटातला मसाला, शुद्ध ‘ण’ आणि अशुद्ध ‘लय’ यांची बेरीज करून आपणही एव्हाना एक आडनाव मनात पक्के केले आहे (काहींनी सरांचेही), आणि ते बरोबर आले का, हे पाहायलाच इथवर आला आहात. खरे आडनाव उपलब्ध आहे. ते काही वाचकांना सांगावे व काहींना सांगू नये, हा मात्र भेदभाव ठरेल. सबब ते सर्वांनाच समान रीतीने नाकारण्यात येत आहे.

हरकत असल्यास लेखी कळवावी. पूर्ण नाव लिहायला विसरू नये.