दिव्यावरची टिकली

खैरनार नाना पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर चिकटवलेली टिकली नखाने खरवडून काढली आणि माझ्या कपाळाला लावली.

"आता कसं," ते म्हणाले. "जिथं बिघाड, तिथं टिकली."

टिकली माझ्या बायकोची, सुनंदाची. पण गाडीत लावली होती मी. आमच्या सतरा वर्षांच्या गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा मनात येईल तेव्हा लागायचा आणि मनात येईल तेव्हा विझायचा. गॅरेजमध्ये नेली की गुडूप. मेकॅनिक मशीन जोडायचा, "सर, सगळं ओके" म्हणायचा, आणि मी बाहेर पडून पहिल्या सिग्नलला पोचतो न पोचतो तोच दिवा पुन्हा हजर. तीनदा असं झाल्यावर माझं डोकं सटकलं. सुनंदाच्या डबीतली सगळ्यात मोठी मरून टिकली घेतली, दिव्यावर चिकटवली, विषय संपवला.

सुनंदाने ते पाहिलं मात्र, फर्मानच काढलं. "चैत्रात वणीच्या देवीची ओटी भरायला जायचंय. तोवर हा दिवा गेला नाही तर गाडी भंगारात. घाटात अडकून पडायची माझी तयारी नाही."

आता सतरा वर्षं साथ दिलेली गाडी भंगारात घालायची म्हणजे माझ्या जिवावर आलं. झक मारत नानांकडे गेलो.

नाना आमच्याच जेलरोडच्या कॉलनीत दोन घरं सोडून एकटे राहतात. मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये. तिथे म्हणे भिंतभर दिवे. एखादा लागला की लॉगबुकात वेळ टाकायची. आपोआप विझला तरी टाकायची. नाना रिटायर झाले, पण ती भिंत काही त्यांच्या डोक्यातून रिटायर झाली नाही. आता ते कॉलनीतल्या जुन्या गाड्यांचे दिवे बघतात. बघतात म्हणजे नुसते बघतात हो! पान्याला हात लावणार नाहीत, बॉनेट उघडणार नाहीत. शेजारच्या सीटवर शंभर पानी वही मांडीवर घेऊन बसायचं आणि दिवा लागायची वाट बघायची, ही त्यांची पद्धत.

"विझला म्हणजे गेला नाय, मास्तर," ते मला बजावत. "दबा धरून बसलाय. तो कधी लागतो तेवढं सापडू द्या. का लागतो ते आपोआप कळतं."

मग काय, रोज शाळेत जाताना नाना बरोबर. त्यांचे प्रश्न ऐकून पोलीस परवडले असं वाटायचं. काल टाकी किती भरलेली होती? एसी चालू होता का? गाडी धुतली होती का? घरी भांडण झालं होतं का?

"भांडणाचा काय संबंध?" मी वैतागून विचारलं.

"भांडून निघालात की तुम्ही क्लच दाणकन सोडता. मंगळवारी सोडला होता."

मंगळवारी आमचं खरंच वाजलं होतं.

एका स्पीडब्रेकरवरून त्यांनी मला पंधरा वेळा नेलं. शेवटी समोरच्या सोसायटीचा वॉचमन खुर्चीवरून उठून आला आणि "काही हरवलंय का?" म्हणाला. शाळेत तर बातमीच पसरली की सरांचं लायसन्स गेलं, आता परीक्षा घ्यायला माणूस बसतो. अकरा दिवस हा तमाशा चालला. नाना गाडीत असताना दिवा एकदाही लागला नाही. नाना उतरले की लगेच लागायचा.

"मला ओळखतो तो," नाना म्हणायचे, आणि त्यात चक्क अभिमान असायचा.

वणीला जायचा दिवस उजाडला. नाना गाडीत असले की दिवा लागत नाही, एवढ्या भरवशावर सुनंदा याच गाडीने यायला तयार झाली. निघताना सुनंदा जिन्यात मिनिटभर बसली. तिला अधूनमधून छातीत धडधडायचं. एकदा डॉक्टरांकडे नेलं होतं, तर ईसीजीची पट्टी एकदम नॉर्मल. तिने पित्त म्हटलं, मीही पित्त म्हटलं. पुढे नाना, मागे ओटीच्या ताटासह सुनंदा, असे आम्ही निघालो. दिवा लागला तर गाडी जाणार हे ठरलेलं, त्यामुळे माझं सगळं लक्ष त्या पिवळ्या दिव्यावर. रस्ता अधूनमधून बघत होतो, एवढंच.

गडाचा घाट सुरू झाला. एका डाव्या वळणावर गाडी चढाला लागली आणि लागला की हो दिवा! लख्ख!

"नाना! लागला! लागला!" मी लहान पोरासारखा ओरडलो. गाडी भंगारात गेली तरी चालेल, पण अकरा दिवसांनी पठ्ठ्या सापडला होता.

नानांनी दिव्याकडे बघितलं असेल नसेल. ते सीटवर पूर्ण मागे वळले होते. सुनंदा बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबली होती. आमच्या सगळ्या संसारात असं कधी झालेलं नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

"गाडी बाजूला घ्या."

"अहो, पण दिवा..."

"मसणात गेला दिवा!"

मी गाडी थांबवली. नाना उतरून मागचं दार उघडून तिच्याशेजारी बसले. "काय व्हयनं, ताई?" इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्यांची सटाण्याची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

"काही नाही हो, पित्त. आत्ता जाईल."

"जाऊ द्या. जायच्या आधी सांगा." त्यांनी तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत वही उघडली. कधी सुरू झालं? सकाळी जिन्यात झालं तेव्हा किती वेळ होतं? काय खाल्लं होतं? डोळ्यांपुढे अंधारी येते का? तेच प्रश्न, तोच आवाज. पण या वेळी मला हसू आलं नाही.

"गेलं बघा," थोड्या वेळाने सुनंदा म्हणाली.

"गेलं नाय, ताई. दबा धरून बसलंय. मास्तर, गाडी वळवा."

"आणि ओटी?"

नानांनी तिथूनच गडाकडे बघून हात जोडले. "देवी थांबेल," ते म्हणाले.

नाशिकला डॉक्टरांनी नानांनी लिहिलेलं पान दोनदा वाचलं आणि सुनंदाच्या छातीला दिवसभरासाठी एक छोटं यंत्र लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरताना दुखणं त्यात सापडलं. हृदयाचे ठोके मध्येच चुकत होते. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. औषध सुरू झालं.

वही परत द्यायला मी नानांकडे गेलो. आधी दिव्याचंच विचारलं.

"डावं वळण आणि चढ," नाना म्हणाले. "इंजिन कलतं तेव्हा वायर कुठंतरी घासत असणार. मेकॅनिकला तेवढं सांगा, सापडेल."

म्हणजे म्हाताऱ्याने सगळं पाहिलं होतं! मी हसत वही चाळायला लागलो. पहिल्याच पानावर नाव होतं, मंदा. नानांची बायको. खाली पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वेळ, काय करत होती, किती वेळ टिकलं. अख्खं पान कोरं होतं.

"तिचीसुद्धा पट्टी नॉर्मल यायची," नाना म्हणाले. "ती म्हणायची पित्त, मी म्हणायचो पित्त. तिकडे एकलहऱ्याला एक दिवा चुकवला नाय कधी. घरात मात्र टिकली लावून बसलो. रकाने ती गेल्यावर आखले."

नानांनी वही माझ्या हातातून काढून घेतली, खिशाला पेन आहे ना ते चाचपलं आणि चपला पायात सरकवल्या.

"ताई जेवल्या का?" त्यांनी विचारलं. "गोळी जेवणानंतरची आहे." आणि माझी वाट न बघता ते माझ्या घराकडे चालू लागले.