वामनरावसाहेबांची पोस्ट आगाऊ लाविली त्याची हकीकत

सकलगुणसंपन्न वाचकांचे सेवेशी जरीपटका नामे वस्तीतील मसाल्याचे दुकानी बसून लिहिणाराचे कृतानेक दंडवत. यंदा पोळ्याचे दुसरे दिवशी नागपूर शहरी जो प्रसंग गुदरला तो कोणी विचारिला नाही, तरी लिहितो. त्यात फजीत जाहले ते ऋषीपंत म्हणजे लिहिणार खासाच होय. आपली फजिती आपण लिहिली असता थोडी कमी करून लिहिता येते, हा बखरीचा मोठा फायदा.

तर वज्रचुडेमंडित शोभाताईसाहेब यांचे घरगुती मसाल्याचे राज्य. ऋषीपंत त्यांचे बहिणीचे चिरंजीव, वय तेवीस, पदवी आहे, कामधंदा नाही. त्यांस दुकानाचे फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोन सुभ्यांची सुभेदारी एक महिन्याचे बोलीने बहाल जाहली आणि हुकूम सुटला की, "एक बी चूक झाली तं कळमेश्वरच्या गोदामात मिरचीचे पोते शिवाले पाठवीन." मिरचीचे नावाने ऋषीपंतांस सतरा शिंका येत, सबब मोहीम जीवनमरणाची ठरली.

रोज उठोन पोस्ट टाकणे हे ऋषीपंतांचे प्रकृतीस मानेना, म्हणोन त्यांनी परमुलखीचे एक यंत्र, नाव पोस्टपेटी, चाकरीस ठेविले. त्यास महिन्याच्या पोस्टी एकदम भरून द्याव्या, वेळ नेमून द्यावी, आणि मग धनी घोरत पडला तरी यंत्र नेमिले समयी पोस्ट रवाना करी. इमानात तसूभर अंतर नाही. पुढे घात जाहला तो या इमानानेच.

शोभाताईंचे श्वशुर राजमान्य राजश्री वामनरावसाहेब, घरचे आबाजी, यांचा जन्म पोळ्याचे दुसरे दिवशीचा. यंदा पंचाहत्तरी, आणि त्यात श्रावणात न्युमोनियाने एकवीस दिवस दवाखान्यात वेढा घातला, तो फोडून साहेब नुकतेच घरी दाखल जाहले होते. त्याच दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक. बांबूकागदाची अक्राळविक्राळ मारबत मिरवावी, जे जे नकोसे ते ते "घेऊन जा गे मारबत" म्हणोन तिचे माथी मारावे, आणि मग ती नेऊन जाळावी, हा येथील रिवाज.

सबब पोस्टी दोन. शालजोडीतील वामनरावसाहेबांचे चित्रास मजकूर, "आमचे आधारस्तंभ, शतायुषी व्हा." काळ्या मारबतीचे चित्रास मजकूर, "सारी रोगराई, सारी कटकट घेऊन जा गे मारबत!" परंतु भरतेसमयी समोर तर्री पोह्यांची प्लेट होती आणि तर्री थंड होत होती. ऋषीपंतांनी घाईने हिचा मजकूर त्यास आणि त्याचा हिला दिला, आणि न वाचता "सर्व मंजूर" दाबिले.

नेमिले दिवशी नऊ वाजता पोस्टी सुटल्या. अकराचे सुमारास ऋषीपंत इतवारी पेठेचे गर्दीत मिरवणुकीचा व्हिडिओ काढीत असता शोभाताईंची कन्या वैभवी, जी मिहानातील एका कंपनीत नोकरीस, तिचा खलिता आला: "काहून गा ऋषी, आबाजीले जाळून राहिला का?"

पाहतात तो अनर्थ. वामनरावसाहेबांचे माथ्यावर सारी रोगराई, आणि काळी मारबत शतायुषी. तिला सोळा जणांनी "हॅपी बर्थडे काकू" लिहिले होते.

ऋषीपंतांचा मोबाईल नवा, यंत्र ओळख देईना. म्हणे ओटीपी नामे सहा अंकांची परवली आणा, आणि खाते शोभाताईंचे नावे, सबब परवली गेली त्यांचे मोबाईलवर. मग फोनवरून घनघोर जुंपली.

"मावशी, सहा आकडे आले असतीन, सांग लवकर!"

"काहून सांगू? इथं लिहून आहे, कोणालेच सांगू नका म्हणून."

"मी ऋषी आहो वं!"

"ऋषीच्या आवाजात बोलणारे लय निघाले आजकाल. टीव्हीवर दाखवते. ऋषी असशीन तं सांग, दहावीत गणितात किती पडले?"

ऋषीपंतांनी आसपास पाहिले. ढोलताशा, हजारो लोक. मग आब्रूवर पाणी सोडोन गर्जिले, "गणितात छत्तीस!"

आणि भोवतालचा समुदाय एकमुखाने गर्जिला, "घेऊन जा गे मारबत!"

"ऋषीच हाय," शोभाताई म्हणाल्या, आणि परवली दिली. ऋषीपंतांनी दोन्ही पोस्टी उडविल्या. मग स्कूटर पिटाळून, कळमेश्वरी न्यावयाचे कपडे मनात मोजीत, ऋषीपंत जरीपटक्यास हजर जाहले.

वामनरावसाहेब चष्मा लावून मोबाईल हाती घेऊन बसले होते. मुद्रा उग्र.

"माही पोस्ट कोनं उडवली गा?"

"मीच, आबाजी. चुकून लागली होती."

मग उलगडा जाहला तो ऐसा की, वाचणारांनी तो मजकूर आशीर्वादच समजोन खाली भर घातली होती: आबाजीचा खोकला घेऊन जा गे मारबत, आबाजीचा गुडघा, आबाजीचा दवाखाना घेऊन जा. साहेब एकेक मोठ्याने वाचीत एकशे बाराव्यापर्यंत पोचले, तो पोस्ट हातातच गुप्त जाहली.

"माणसं माहं दुखणं काढून राहिले, अन् तू पोस्टच उडवली? लाव परत. तशीच लाव." मग आवाज उतरवून, "ते पुढच्या सालची बी आताच लागते का?"

"लागते, आबाजी."

"मंग लाव. माह्यासमोर."

शोभाताईंनी कळमेश्वरची रवानगी रहित केली. ऋषीपंतांनी उडविलेली पोस्ट तशीच परत लाविली, मग पंचांग काढिले, पुढील पोळ्याचा दुसरा दिवस नेमिला, चित्र आणि मजकूर तीनदा ताडिले, आणि "मंजूर" खुद्द वामनरावसाहेबांनी आपले बोटाने दाबिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. पोस्ट पुढील साली सकाळी नऊ वाजता सुटेल, आणि ते समयी खासा हजर राहण्याचे वामनरावसाहेबांनी कबूल केले आहे. मोर्तब असे.