दोन खोल्यांमधली लादी

जगात जे आहे ते कुठल्या ना कुठल्या खोलीत आहे. जे कुठल्याच खोलीत बसत नाही, ते अजून सापडलेलेच नाही असे समजावे, म्हणजे कोणाचा खोळंबा होत नाही. या तत्त्वावर अनेक थोर संस्था उभ्या आहेत. बाई दर बुधवारी ज्या वस्तुसंग्रहालयात मुलांना प्राणी दाखवत, ते त्यांतलेच एक.

बाई म्हणजे चौथीच्या बाई. बत्तीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि इथे बिनपगारी आल्या. (बिनपगारी माणसाला संस्थेत फार मान असतो. खुर्ची नसते.)

संग्रहालयाला दोन खोल्या. डावीकडे सरपटणारे प्राणी, उजवीकडे पक्षी, मध्ये बोळ. दोन कुलपे, दोन नोंदवह्या आणि दोन खोलीप्रमुख. हे दोघे एकमेकांचे व्याही होते. त्यामुळे कामकाजात जिव्हाळा होता, म्हणजे एरवी बोलणे बंद असे. नातीचा विषय निघाला की मात्र दोघांना कंठ फुटायचा. "नाक आमच्याकडचं," डावे म्हणत. "आणि कान? कान आमचे!" उजवे म्हणत.

अशा सुखाच्या दिवसांत खाणीतून एक दगडी लादी आली. तिच्यात कावळ्याएवढ्या प्राण्याचा सांगाडा दबलेला होता. पंख होते, पिसांचे ठसे अगदी काल उमटल्यासारखे. पण पंखांना नख्या होत्या, जबड्यात दात होते, आणि मागे पालीसारखी लांब, हाडांची शेपूट. त्या शेपटीलाही दोन्ही अंगांनी पिसे.

बाई लादीसमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. हाच प्राणी त्यांनी बत्तीस वर्षे खडूने फळ्यावर काढला होता, आणि दर वर्षी कोणीतरी विचारलेच होते, "पण बाई, असा खरंच होता?" आता पुढच्या बुधवारी त्या नुसते बोट दाखवणार होत्या.

पण आधी नोंद हवी.

"पिसं आहेत याला," डावे व्याही म्हणाले. "माझ्या खोलीत पिसं चालायची नाहीत."

"दात आहेत," उजवे म्हणाले. "माझ्याकडे दातवाला एकही नाही." (यात ते स्वतःही आले. त्यांची कवळी बहुधा टेबलाच्या खणात असे.)

संचालकांनी समिती नेमली. कामाचा तपशील असा: सदस्य सात, बैठका पाच, चहाचे कप एकाहत्तर, लादी पाहिलेले सदस्य शून्य. (पाहिल्याने मत कलुषित होते.) बाईंनी अर्ज दिला, की लादी बोळात एका टेबलावर ठेवावी.

"अहो बाई, बोळ म्हणजे काही खोली नव्हे," संचालक समजुतीने म्हणाले. "तिथे ठेवली तर लोकांना वाटेल, हे दोघांच्या मधलं काहीतरी आहे."

"तसंच आहे ते, साहेब."

"म्हणूनच नको."

समितीने एकमताने न्याय केला: लादी कमरेतून कापावी, पुढचा भाग पक्ष्यांना, मागचा सरपटणाऱ्यांना. बाईंनी व्याह्यांकडे पाहिले. "नातीचं नाक तुमचं, कान यांचे. मग तिला कुठून कापलंत?"

"घरची गोष्ट वेगळी!" दोघे एका सुरात म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांचे कामात एकमत झाले, ही समितीची मोठीच कमाई.

स्वयंपाकाच्या ओट्याचे दगड कापणारा कारागीर बोलावला. तो लादीभोवती दोनदा फिरला. "साहेब, मला अडाण्याला हे एकच जनावर दिसतंय," तो म्हणाला. त्याला कापण्यासाठी बोलावले होते, दिसण्यासाठी नव्हे. त्याने कापले.

मग नवीनच अडचण उभी राहिली. दात पक्ष्यांच्या खोलीत गेले आणि पिसे सरपटणाऱ्यांच्या. समितीने 'विसंगती निवारण' हाती घेतले. दातांवर प्लास्टर थापले, नख्या कानशीने घासल्या, शेपटीची पिसे पॉलिश पेपरने साफ केली. निघालेला चुरा फेकला नाही, कारण संस्था पुरावे जपणारी होती. तो पुडीत बांधून, वर 'इतर' असे लिहून, कपाटात ठेवला. बोळात पाटी लागली: 'पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून झाले, असे काहींचे म्हणणे आहे. तसा पुरावा या संग्रहालयात नाही.' पाटीतले अक्षर न् अक्षर खरे होते. आधी नव्हते, नंतर मेहनतीने झाले.

बुधवारी चौथीचा वर्ग आला. मागच्या भेटीत बाईंनी त्यांनाही तो प्राणी फळ्यावर काढून दाखवला होता. एका मुलीने पाटी मोठ्याने वाचली आणि बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, म्हणजे फळ्यावरचा तुम्ही मनानंच काढला होता?"

बत्तीस वर्षांत बाईंच्या मनाला इतके लागेल असे कोणी बोलले नव्हते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी सांगते म्हणून खरं मानू नका आणि पाटी सांगते म्हणूनही नको. दोन्ही खोल्यांतल्या दगडांच्या कडा बघून या."

मुले डावीकडे पळाली, उजवीकडे पळाली, पुन्हा डावीकडे. एकाने वहीचा कागद कडेला लावून दगडातली करडी रेघ उतरवून घेतली आणि दुसऱ्या खोलीतल्या कडेवर धरली. रेघ रेघेला भिडली.

"बाई! हा एकच दगड आहे! कुणीतरी कापलाय!"

"आणि बाई, याला शेपूट होती!"

"माणसालाही होती का हो बाई?"

"पाठीचा कणा संपतो तिथे हात लावून बघा," बाई म्हणाल्या. अडतीस हात मागे गेले.

संग्रहालयाने याची गंभीर दखल घेतली. आता नियम असा आहे: एका भेटीत एकच खोली पाहावी. दगडांच्या कडांना चौकटी बसवल्या आहेत. बाईंची सेवा आभारपूर्वक थांबवली आहे. मुलांनी आवारात स्वतःच्या पाठीमागे हात नेऊ नयेत.

समितीचे सातही सदस्य अर्थातच खुर्चीवर, म्हणजे आपापल्या माकडहाडावर बसून हे ठरवत होते. वाचकहो, तुम्हीही आत्ता बहुधा त्याच्यावरच बसून त्यांना हसत आहात, आणि एव्हाना तुमचाही हात हळूच मागे जाऊन आला आहे. संकोच नको. फक्त आपली खोली कोणती, तेवढे कळवा. कारागीर ओळखीचा झाला आहे.